शनिवारी टीव्ही कोणी लावायचा

रिबका, तुझा टीव्ही मी झाकला.

तुमच्या मंडळींनी सांगितलं की घरातले आरसे झाका, दुःखाच्या दिवसांत माणसाने स्वतःचं तोंड बघत बसू नये. मी बेसिनवरचा आरसा झाकला, कपाटाचा झाकला आणि बाहेरच्या खोलीत आले, तर समोर तुझा भला मोठा काळा टीव्ही आणि त्यात मी. केस पिंजारलेले, नाक रडून लाल. मी तुझी जांभळ्या काठांची सुती साडी आणली आणि त्याच्यावर घातली. तिथे बसलेले एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, "अहो बाई, टीव्ही झाका असं कोणी सांगितलेलं नाही." मी म्हटलं, "बंद टीव्हीत तोंड दिसतं. चालू ठेवू का मग?" तू असतीस तर आधी हसली असतीस आणि मग त्यांचीच बाजू घेतली असतीस.

आता तुझी ती साडी पुन्हा कपाटात आहे, तुझा डॅनी न्यू जर्सीला परत गेलाय, आणि आपलं भांडण मात्र तसंच पडलंय. बोलणं रंगात आलं की मधूनच उठून जायचं, ही तुझी जुनी खोड. या वेळी तर चहा गॅसवर ठेवून गेलीस. गुरुवारी सकाळी गेलीस आणि दुपारपर्यंत तुमच्या लोकांनी सगळं आटोपलंसुद्धा, कारण तुमच्यात थांबत नाहीत. तुझ्या एकुलत्या एका पोराचं विमान अजून उडालंही नव्हतं. मला फार राग आला. तुझा आला, त्यांचा आला, विमान कंपनीचा आला.

भांडण कशावरून, तर टीव्हीवरच्या ज्यू बायकांवरून. हे मी कोणाला सांगितलं की लोक माझ्याकडे बघतात. नारायण पेठेतल्या दोन म्हाताऱ्यांना भांडायला पाण्याची टाकी नाही, कचरा नाही, हे काय काढलंय!

आपली दारं समोरासमोर. माझ्या चौकटीवर गणपती, तुझ्या चौकटीवर तिरकी बसवलेली, आत प्रार्थनेचा कागद असलेली मेझुझाची लहानशी डबी. आडनावाच्या शेवटी 'कर', अंगावर सुती साडी, गळ्यात काळी पोत आणि मराठी अशी की शाळेत तुझ्या हाताखालच्या मास्तरणी टिपणं लिहायलाही घाबरायच्या. शुक्रवारी संध्याकाळी तू दिवे लावायचीस, तर वरच्या मजल्यावरच्या बाई इतकी वर्षं समजत होत्या की तू लक्ष्मीचं करतेस. तू त्यांचं हळदीकुंकूही घेतलंस आणि गैरसमजही तसाच राहू दिलास. सिनेगॉगला तुझ्या सासूबाई मशीद म्हणायच्या, पुण्यातले लोक देऊळ म्हणतात. तू म्हणायचीस, "रास्ता पेठेत जाऊन येते," म्हणजे भानगडच नको. शनिवार तुमचा विसाव्याचा वार, त्या दिवशी वाहनात बसायचं नाही म्हणून तू चालत निघायचीस, आणि पेठेतले रिक्षावाले, जे एरवी बोलावूनही येत नाहीत, ते नेमके शनिवारी तुझ्यामागे रिक्षा घेऊन, "कुठं जायचं ताई?"

मग केबल आली. गच्चीवरून वायरी लोंबायला लागल्या आणि आपल्या बिल्डिंगीत अमेरिका उतरली. डॅनी तेव्हा इंजिनिअरिंगला होता. तो म्हणाला, "आई, शनिवारी दुपारी ती विनोदी मालिका असते ना, त्यातले लोक आपले आहेत." तू विचारलंस, "आपले म्हणजे? अलिबागकडचे?"

पण शनिवारी तुझ्या घरी शेगडी पेटत नाही आणि बटण दाबलं जात नाही. आणि दुसऱ्याला 'दाब' असं सांगायचंही नाही. मग तू एक शोध लावलास. मी तुझ्याकडे येऊन बसले की तू खिडकीबाहेर बघत म्हणायचीस, "घरात किती शांत वाटतंय, नाही?" म्हणजे मी उठून टीव्ही लावायचा. "माझे कान हल्ली जड झालेत" म्हणजे आवाज वाढवायचा. "हा माणूस फार बोलतो बाई" म्हणजे चॅनेल बदल. तुमच्यातल्या कोणीतरी तुला विचारलं, हे चालतं का? तू म्हणालीस, "नलूला टीव्ही बघायची हौस. आलेल्या माणसाला हाकलून कशी देऊ?" माझ्या घरी टीव्ही होता, रिबका. तुझ्यापेक्षा मोठा होता.

मीही कमी नव्हते. तू "किती शांत वाटतंय" म्हटलंस की मी म्हणायची, "हो ना, बरं वाटतं असं," आणि गवारीच्या शिरा काढत बसायची. तुझा जीव नुसता वरखाली. तू पुन्हा म्हणायचीस, "अगदीच शांत आहे." मी म्हणायची, "डुलकी लागेल बघ अशाने." शेवटी तू डोळे मिटून पुटपुटायचीस, ती प्रार्थना असावी असं मी समजत होते.

त्या मालिकांत आधी दिसायच्या त्या आया. लठ्ठ, एप्रन बांधलेल्या, हातात कोंबडीच्या सूपचा वाडगा आणि कानाला फोन. मुलगा चांगला टक्कल पडलेला, आणि ही विचारतेय, स्वेटर घातलास का, त्या मुलीचे आईवडील काय करतात, मी मेल्यावरच येणार का तू. मागून कोणीतरी खो खो हसतंय. मग त्यांच्या मुली आणि बायका आल्या. नाकात बोलणाऱ्या, सारख्या खरेदी करणाऱ्या, नखं रंगवून तक्रार सांगणाऱ्या. नायक त्यांना सोडून एखाद्या पिवळ्या केसांच्या मुलीमागे जायचा आणि सगळ्यांना ते बरोबरच वाटायचं. तू मोठ्या माणसासारखी मान हलवायचीस. "बघ नलू, लिहिणारेही ज्यूच, नाचणारेही ज्यूच. आणि लग्नाला मात्र प्रत्येकाला बाहेरचीच हवी. घरच्या बाईला काय ठेवलंय, तर तोंड." मला ते फारसं पटायचं नाही, पण तू शाळेतल्या आवाजात बोललीस की मी ऐकून घेते.

माझं म्हणणं साधं होतं. ती फोनवाली आई म्हणजे तू. अगदी शंभर टक्के.

तू भडकायचीस. "ही कुठली ज्यू? हिला धड नारळ तरी खवता येईल का? ही बाई नाहीच. हिला तिच्या मुलाने लिहिलंय."

पण माझ्याकडे पुरावा होता. डॅनी आयटीत लागला, आधी हिंजवडी, मग न्यू जर्सी. दर शुक्रवारी दिवे लावायच्या आधी तू त्याला फोन करायचीस. दोन दारं मध्ये असूनही मला सगळं ऐकू यायचं. "जेवलास का? काय जेवलास? त्याला जेवण म्हणतात का? स्वेटर कुठाय? नाही, मी काही म्हणत नाही, माझं काय, मी आपली बसलेय." अगं, तो आवाजसुद्धा तोच! मी शनिवारी म्हणायची, "काल टीव्ही तुझ्याकडेच चालू होता वाटतं." यावर तू वाद घालायचा सोडून नुसती गालात हसायचीस. "तुला काय कळतंय," एवढंच. मला वाटायचं, उत्तर नाही म्हणून हसतेस.

मी तशी नाही, हे तुला ठाऊक आहे. माझी मुलगी बंगळूरला आहे. तिला मी दिवसातून दोनदाच फोन करते, तेही ती पहिल्यांदा उचलत नाही म्हणून. तुझ्याकडे मी रोज वाटी घेऊन यायची ते तू नीट खात नव्हतीस म्हणून. तुला मफलर मी गुंडाळायची ते तुला थंडी वाजत होती म्हणून, तू नाही म्हटलंस म्हणून काय झालं. आणि त्या बासुंदीचं तू चारचौघांत उगाच सांगत सुटलीस. तू मटण जेवली होतीस, त्यावर दूध चालत नाही हे मला काय आज कळलंय? मी फक्त म्हटलं, आटवून आटवून हात मोडलेत, मटण जरा बाजूला सरकव. त्यात हसण्यासारखं काय होतं ते मला अजून कळलेलं नाही.

मग तो शेंडीवाला आला, आठवतोय ना? मराठीत नवीन चॅनेल निघत होते आणि ज्याला त्याला विनोदी मालिका काढायची होती. याच्या मालिकेत एक ज्यू घरमालकीण होती. कोणीतरी तुझा पत्ता दिला, म्हणून माहिती विचारायला आला. केसांची शेंडी मागे बांधलेली, पायात बूट, ते त्याने काढलेही नाहीत. दारात तुला बघून गोंधळला.

"रिबकाबाई?"

"हो, या."

"नाही, म्हणजे ज्यू बाई हव्या होत्या."

"आत दुसरी नाही. मीच आहे."

बसला बिचारा. म्हणाला, "काकू, तुम्ही ज्यू वाटत नाही हो." तू म्हणालीस, "दोन हजार वर्षं इथेच आहोत, उन्हानं रंग उतरला असेल." मग त्याने वाचून दाखवलं. मिसेस मोझेस. फ्रॉक, हॅट, हातात कुत्रा, मोडकंतोडकं मराठी, सगळ्या भाडेकरूंवर ओरडते. गळ्यात क्रॉस.

"क्रॉस कोणाचा?" तू विचारलंस.

"तुमचाच ना?"

तू चष्मा काढून पुसलास. "मुलगा आमच्यातलाच होता खरा. पण पुढे ते प्रकरण भलतीकडे गेलं."

मी तोंडात पदर कोंबला. त्याला काही कळलं नाही. तू त्याला समजावलंस की ती बाई साडी नेसेल, पेठेतलं मराठी बोलेल, नव्या सालाच्या सणाला नारळाच्या दुधात हलवा करेल. तो कळवळून म्हणाला, "पण काकू, मग ती ज्यू आहे हे प्रेक्षकाला कळणार कसं?"

"मी ज्यू आहे हे तुम्हाला कळलं?"

"नाही."

"मग प्रेक्षक काय तुमच्यापेक्षा हुशार आहे?"

आणि मग तू उठलीस. पदर खोचलास आणि आपली शनिवारची गंमत त्याला करून दाखवलीस, दोघींचीही. खिडकीबाहेर बघणारी तू आणि गवार निवडणारी मी. तो शेंडीवाला इतका हसला की चहा बशीत, बशीतून विजारीवर. तुझी स्वतःची नक्कल छान झाली. माझी अगदीच अतिरंजित होती, मी काही असं मान वाकडी करून बोलत नाही. तो म्हणाला, "कमाल आहे काकू, हे सगळं घेतोच." गेला. तो महिनाभर तू केवढी खुशीत होतीस! जिन्यात भेटेल त्याला सांगत होतीस, येणार आहे, बघा.

मालिका आली ती शनिवारीच. अर्धी बिल्डिंग तुझ्या खोलीत. मी टीव्ही लावला, कारण घरात फार शांत वाटत होतं. आणि आली मिसेस मोझेस. फ्रॉक, हॅट, कुत्रा. क्रॉस तेवढा काढला होता, तुझा मान राखून. "हम बोला ना तुमको," म्हणून किंचाळत होती आणि मागून लोक हसत होते. खोलीतलेही हसले. मग एकेकाने तुझ्याकडे बघितलं आणि हसणं गिळलं.

तू म्हणालीस, "आज घरात जरा गडबड वाटतेय."

त्या दिवशी मी गवार निवडत बसले नाही. पहिली जाहिरात लागायच्या आत टीव्ही बंद केला.

सगळे गेल्यावर तू खुर्च्या सरळ केल्यास. मग म्हणालीस, "तिकडे नाक, इकडे फ्रॉक. नलू, मला एकदा, एकदाच, टीव्हीवर माझ्यासारखी बाई बघायची होती ग. साडीतली. लोक हसले असते तरी चाललं असतं. हसायलाच हवं होतं. पण मला हसायला हवं होतं, फ्रॉकला नाही." त्या माणसाची शेंडी उपटून त्याच्या हातात द्यावीशी वाटत होती. मी तुला गरम भात वाढून आणला, माझ्या घरून, आणि तू तो निमूटपणे खाल्लास. तू भात परत न पाठवण्याची ती पहिलीच वेळ असेल.

नंतरच्या वर्षांत डॅनी सुट्टीत आला की लॅपटॉपवर तुला नवीन काय काय दाखवायचा. आता तिकडच्या बायका बदलल्या होत्या. केस विंचरलेले नाहीत, घर आवरलेलं नाही, तोंडाला धरबंध नाही. पण स्वतःच लिहायच्या, स्वतःच उभ्या राहायच्या, स्वतःच्या आईचीही टिंगल करायच्या आणि स्वतःचीही. मला त्यातलं निम्मं कळायचं नाही आणि उरलेलं कळल्यावर लाज वाटायची. तू मात्र खुर्ची पुढे ओढून बसायचीस. "बघितलंस? आजवर लोक हिला हसत होते. आता ही लोकांना हसवतेय. माईक कोणाच्या हातात आहे, त्यावर सगळं असतं." मी म्हटलं, "तुला कोणी माईक देत नाहीये, उठ, पोळ्या गार होतायत." तू पुन्हा तशीच गालात हसलीस.

आता खरं सांगायचं ते सांगते.

सात दिवस झाले. तुमच्या लोकांनी करायचं ते केलं, आरशांवरची फडकी निघाली. टीव्हीवरची साडी मात्र कोणी काढली नाही, कारण ती कोणी घातली हेच कोणाला आठवत नव्हतं. शनिवारी सकाळी मी पोहे घेऊन गेले. डॅनी तुझ्या खुर्चीत बसला होता. अमेरिकेत तो शनिवारबिनिवार काही पाळत नाही, मला ठाऊक आहे. मी त्याच्यासमोर बसले. मग तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "मावशी, घरात किती शांत वाटतंय, नाही?"

मी पोह्यांची बशी खाली ठेवली. उठले. साडी काढली, घडी घातली, बटण दाबलं. आणि बघ तुझं नशीब, कुठलीतरी जुनी अमेरिकन मालिका लागली होती, आणि त्यात तीच. एप्रन, सूप, कानाला फोन. मला रडूच आलं. मी म्हटलं, "बघ रे, तुझी आई."

डॅनी माझ्याकडे बघतच राहिला. "आई? मावशी, ही आई नव्हे. ही तू."

"मी?"

"आई कायम म्हणायची. टीव्हीवरची ज्यू आई म्हणजे आपली नलू, फक्त बासुंदीवाली."

मग सगळं बाहेर आलं. शुक्रवारच्या त्या फोनवर तू त्याला जेवलास का विचारतच नव्हतीस! तू त्याला आठवडाभरातली मी करून दाखवत होतीस. स्वेटर कुठाय, ती मी. माझं काय, मी आपली बसलेय, ती मी. मान वाकडी करून, पदर खोचून, फोनवर कोणाला दिसत नसतानाही. डॅनीच्या ऑफिसात तेव्हा सकाळ असायची. कॉफीचे मग घेऊन सगळे त्याच्या टेबलाभोवती जमायचे आणि तो फोन स्पीकरवर टाकायचा. मराठीचं एक अक्षर कळत नसताना माणसं पोट धरून हसायची. त्यातले दोघे तिकडचे ज्यू. ते म्हणायचे, ही तर माझीच आई. म्हणजे रिबका, न्यू जर्सीत मी इतकी वर्षं ज्यू आई म्हणून प्रसिद्ध आहे, आणि मला त्याचा पत्ता नाही. माईक तुझ्याच हातात होता, आणि मी तुला पोळ्या गार होतायत म्हणून सांगत होते.

मी डॅनीला म्हटलं, "हे साफ खोटं आहे. मी अशी मुळीच बोलत नाही. आधी ते पोहे संपव, कसा दिसतोयस बघ, अंगात काही घातलं आहेस का?"

तो हसायला लागला. हसता हसता खुर्चीतून खाली बसला आणि मग रडायला लागला. तू गेल्यापासून पहिल्यांदाच. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले आणि टीव्हीवरची ती बाई फोनवर ओरडत राहिली. चॅनेल बदल, असं म्हणायला कोणीच नव्हतं.

मी तुझ्यावर चिडले आहे, हे लिहून ठेवते. इतकी वर्षं गालात हसलीस आणि एका शब्दाने बोलली नाहीस! मला उत्तर द्यायची संधी दिली नाहीस. माझ्याकडे काय कमी उत्तरं होती? आणि हेही लिहून ठेवते, की त्या दिवसापासून मी स्वयंपाकघरात एकटीच मधूनच हसते. कोणीतरी मला इतकं बारकाईने बघत होतं. माझ्या मुलीला विचारलं तर मी चष्मा लावते की नाही हेही तिला सांगता येणार नाही.

डॅनी जाताना म्हणाला, "मावशी, शुक्रवारी फोन करशील?" मी म्हटलं, "मला काही कामं नाहीत का?"

काल शुक्रवार होता. संध्याकाळी मी तुझं दार समोर दिसेल अशी माझ्या दारात खुर्ची टाकली आणि फोन लावला. त्याने उचलला. मला वाटलं होतं, नेहमीचं काहीतरी विचारावं. पण मी पदर खोचला, चष्मा नाकावर घेतला आणि तुझा शाळेतला आवाज काढला. "डॅनी, आज काय झालं सांगू? ती नलू, सकाळी सकाळी बासुंदी घेऊन दारात. म्हटलं, बाई, मटण पोटात आहे. तर म्हणते कशी, मग जरा बाजूला सरकव!"

पलीकडे कसलंसं बटण टक् वाजलं. मला वाटलं, चुकलंच. मग तो हसला. मग त्याच्यामागे आणखी कोणीतरी हसलं, आणि आणखी कोणी.

"मग?" डॅनी म्हणाला. "पुढे?"

पुढे तू काय सांगायचीस, मला काय माहीत? मी तुझ्या बंद दाराकडे बघत, तुझ्या आवाजात, सुचेल तशी माझीच टवाळी करत राहिले. बाहेर काळोख पडायला लागला तेव्हा तुझ्यासारखंच म्हटलं, "चल, दिव्यांची वेळ झाली," आणि फोन ठेवला.